कपात एका क्लासात, पट्टी दुसऱ्यात: पीएचपीत स्टॅटिक मेथड कॉलबॅक म्हणून कशी द्यावी

नाशिकमध्ये बसून व्यापाऱ्यांसाठी पीएचपी या भाषेत सॉफ्टवेअर लिहायचं म्हटलं की कांद्यापासून फार काळ लांब राहता येत नाही. माझं ऑफिस गंगापूर रोडला, पण कामं येतात ती लासलगाव, निफाड, पिंपळगाव बसवंतकडची. ट्रॅक्टर आला, लिलावात क्विंटलला दर निघाला, काट्यावर वजन झालं, हमाली-तोलाई वजा झाली आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडली. कोड लिहिणाऱ्याला यात एकच गोष्ट नीट सांभाळावी लागते. कपातीचे नियम एका क्लासात ठेवायचे आणि पट्टी दुसऱ्या क्लासाने बनवायची. पट्टीच्या क्लासाला हमाली कशाशी खातात हे ठाऊक नसावं. त्याला बाहेरून एक नियम मिळावा आणि तो त्याने प्रत्येक वजनाला लावावा, बस. हा बाहेरून मिळणारा नियम म्हणजे कॉलबॅक. आणि नियम ही निव्वळ आकडेमोड असल्यामुळे तो स्टॅटिक मेथडमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासच्या नावाने बोलावता येणाऱ्या मेथडमध्ये, छान बसतो.

उदाहरणांबद्दल एक सूचना. खाली सगळा कोड देवनागरीत आहे. कीवर्ड, आकडे, पीएचपीची स्वतःची फंक्शनं आणि डॉलर-धिस (म्हणजे चालू ऑब्जेक्ट) हे टाइप करताना रोमनमध्येच घ्यायचं. क्लास, मेथड आणि व्हेरिएबल यांची नावं मात्र अशीच देवनागरीत ठेवलीत तरी पीएचपी ती चालवून घेतं. प्रत्यक्ष कामात मी तसं करत नाही, कारण एखादा न दिसणारा जोडचिन्हाचा कोड नावात घुसला की दिसायला तंतोतंत सारखी दोन नावं पीएचपीसाठी वेगळी होतात, आणि ते शोधता शोधता संध्याकाळ जाते.

```
क्लास कपात
{
    कॉन्स्ट हमाली_दर = ६;

    पब्लिक स्टॅटिक फंक्शन हमाली(फ्लोट $क्विंटल): फ्लोट
    {
        रिटर्न $क्विंटल * सेल्फ::हमाली_दर;
    }
}

क्लास पट्टी
{
    पब्लिक स्टॅटिक फंक्शन बनव(ॲरे $वजनं, कॉलेबल $नियम): ॲरे
    {
        रिटर्न ॲरे_मॅप($नियम, $वजनं);
    }
}
```

सहा हा आकडा मी असाच घेतलाय, कुठल्या बाजार समितीचा नाही. आणि पैशांना फ्लोट वापरू नये, पैसे पूर्णांकात मोजावेत, हेही खरं. इथे उदाहरण छोटं ठेवायचंय म्हणून चालवून घ्या.

आता 'हमाली' ही मेथड 'पट्टी'ला द्यायची आहे. नवीन माणूस हमखास पहिल्यांदा असं लिहितो:

```
पट्टी::बनव($वजनं, कपात::हमाली);
```

हे चालत नाही. दोन कोलनांच्या पुढे कंस नसेल तर पीएचपीच्या दृष्टीने ते क्लासचं कॉन्स्टंट. 'हमाली' नावाचं कॉन्स्टंट नाही, म्हणून 'अनडिफाइन्ड कॉन्स्टंट' असा एरर येतो. मग तोच माणूस पुढे रिकामे कंस लावतो. आता मेथड तिथल्या तिथे चालते, तिला वजन मिळालेलं नसतं आणि आर्ग्युमेंट कमी पडल्याची तक्रार येते. मेथड चालवायची नाहीये, ती दुसऱ्याने चालवावी म्हणून सोपवायची आहे. त्यासाठी तीन रीती आहेत:

```
पट्टी::बनव($वजनं, 'कपात::हमाली');
पट्टी::बनव($वजनं, [कपात::क्लास, 'हमाली']);
पट्टी::बनव($वजनं, कपात::हमाली(...));
```

पहिली रीत पीएचपी ५.२.३ पासूनची. दुसरी, म्हणजे ॲरेची, त्याहून जुनी. फक्त क्लासचं नाव अवतरणात न लिहिता 'कपात::क्लास' असं लिहिण्याची सोय २०१३ मध्ये ५.५ बरोबर आली. तिसरी तीन टिंबांची, २०२१ च्या ८.१ पासून. ही टिंबं म्हणजे 'पुढचं तुम्ही भरा' असं नाही. ती अक्षरशः अशीच टाइप करायची, आणि त्या कंसात दुसरं काहीही चालत नाही. आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या मुलाने ती टिंबं बघून विचारलं होतं, "ताई, इथे मी काय लिहू?" काही नाही. तसंच ठेव.

तिन्ही रीतींचं उत्तर वरच्या उदाहरणात एकच येतं, म्हणून बरेच जण त्यांना एकाच गोष्टीची तीन रूपं समजतात. तशी ती नाहीत. पहिल्या दोन रीतींत तुम्ही दुसऱ्या क्लासाला चिठ्ठीवर पत्ता लिहून देता: अमुक क्लास, तमुक मेथड. त्या पत्त्यावर कुणी राहतं का, आणि चिठ्ठी घेऊन जाणाऱ्याला दार उघडलं जाईल का, हे तो तिथे पोचल्यावर ठरतं. तिसऱ्या रीतीत माणूसच सोबत पाठवता. पीएचपी तिथल्या तिथे मेथड शोधतं, तुम्हाला ती वापरायची परवानगी आहे का बघतं आणि एक क्लोजर ऑब्जेक्ट, म्हणजे व्हेरिएबलमध्ये ठेवून हवं तेव्हा चालवता येणारं फंक्शन, बनवून हातात देतं. पुढच्या सगळ्या भानगडी या एका फरकातून निघतात.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी भानगड प्रायव्हेट मेथडची.

उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने राहतो आणि वजनाला उतरतो. ही घट काढणारं सूत्र 'कपात'च्या पोटातलं आहे, बाहेर कुणाला ते थेट वापरू द्यायचं नाही, म्हणून ती मेथड प्रायव्हेट ('हमाली' आणि 'घट_प्रमाण' हे कॉन्स्टंट इथे पुन्हा लिहिलेलं नाही):

```
क्लास कपात
{
    प्रायव्हेट स्टॅटिक फंक्शन घट(फ्लोट $क्विंटल): फ्लोट
    {
        रिटर्न $क्विंटल * सेल्फ::घट_प्रमाण;
    }

    पब्लिक स्टॅटिक फंक्शन चाळीतला_माल(ॲरे $वजनं): ॲरे
    {
        रिटर्न पट्टी::बनव($वजनं, [सेल्फ::क्लास, 'घट']);
    }
}
```

'चाळीतला_माल' ही मेथड 'कपात'च्याच आत आहे, तिला 'घट' दिसते, मग अडचण काय असं वाटतं. पण हे टाइपएरर देतं. पत्ता आपण दिला, तो तपासला जातो 'पट्टी'च्या आत, आणि 'पट्टी'ला 'कपात'ची प्रायव्हेट मेथड दिसायचं कारण नाही. त्यातून एररचा मजकूर असा: कॉलेबल हवं होतं, ॲरे मिळाला. वाचणारा म्हणतो, ॲरेच तर द्यायचा असतो! कुठली मेथड, काय बिघडलं, यातलं एक अक्षर त्यात नसतं. मेथडच्या नावात टायपिंगची चूक असली तरी हाच मजकूर येतो. म्हणून 'कॉलेबल हवं, ॲरे मिळाला' दिसलं की आधी स्पेलिंग बघायचं, मग पब्लिक-प्रायव्हेट.

गोंधळ वाढवणारी गोष्ट पुढे आहे. तोच ॲरे 'चाळीतला_माल'मध्ये थेट ॲरे_मॅपला दिलात तर चालतो. ॲरे_मॅप हे पीएचपीचं स्वतःचं फंक्शन, ते कुठल्या क्लासातलं नाही, त्यामुळे परवानगी बघताना पीएचपी त्याला कुणी बोलावलं ते बघतं. बोलावणारा 'कपात'. म्हणून घरातली मेथड घरात चालली. पुढे कुणी तरी ॲरे_मॅप उचलून वेगळ्या क्लासात नेतं, एक अक्षर न बदलता, आणि कालपर्यंत धावणारा कोड बंद पडतो.

"पब्लिक केलं की चालतंय ताई, करून टाकू?" हा प्रश्न इथे येतोच. नको. आज पब्लिक केलेली 'घट' उद्या कुणी तरी रिपोर्टमधून थेट बोलावणार, आणि सूत्र बदलायची वेळ आली की तेही सांभाळा. इलाज एका ओळीचा आहे:

```
रिटर्न पट्टी::बनव($वजनं, सेल्फ::घट(...));
```

क्लोजर 'कपात'च्या आत बनलं, परवानगी तिथेच तपासली गेली, आता ते कुठेही गेलं तरी चालेल. मेथड प्रायव्हेटच राहिली. नाव चुकलं असेल तर एरर याच ओळीवर येतो आणि त्यात मेथडचं नाव असतं. एडिटरमध्ये मेथडचं नाव बदललं की हे नावही बदलतं, कारण ते अवतरणातली अक्षरं नसून खराखुरा संदर्भ आहे. नवीन कोडमध्ये मी ८.१ च्या वर असेन तर दुसरं काही लिहीत नाही, एक अपवाद सोडून. तो पुढे येतो.

कॉलबॅक लगेच न वापरता ऑब्जेक्टमध्ये जपून ठेवायचा असेल तेव्हाही हाच फरक आडवा येतो. मेथडच्या पॅरामीटरला 'कॉलेबल' हा टाइप देता येतो, पण प्रॉपर्टीला देता येत नाही. पीएचपी थेट नाकारतं. कारण उघड आहे. तोच ॲरे एका क्लासात कॉलेबल असतो आणि दुसऱ्यात नसतो, मग प्रॉपर्टीचा टाइप कुठल्या जागेवरून ठरवायचा? क्लोजरला ही अडचण नाही. म्हणून आत घेताना कॉलेबल घ्या आणि ठेवताना क्लोजर करून ठेवा:

```
क्लास पट्टीयंत्र
{
    प्रायव्हेट क्लोजर $नियम;

    पब्लिक फंक्शन __कन्स्ट्रक्ट(कॉलेबल $नियम)
    {
        $धिस->नियम = $नियम(...);
    }

    पब्लिक फंक्शन लाव(फ्लोट $क्विंटल): फ्लोट
    {
        रिटर्न ($धिस->नियम)($क्विंटल);
    }
}
```

शेवटच्या ओळीतला बाहेरचा कंस विसरलात तर पीएचपी 'नियम' नावाची मेथड शोधत बसतं, प्रॉपर्टीकडे बघतही नाही.

नेमस्पेस, म्हणजे क्लासच्या नावाआधी लागणारं आडनाव, असलेल्या प्रोजेक्टमध्ये अवतरणातली नावं आणखी छळतात. फाइलीच्या डोक्यावर 'यूज' लिहून तुम्ही 'कपात' हे छोटं नाव घेतलंत, ते फाइलीतल्या कोडला कळतं, अवतरणातल्या अक्षरांना कळत नाही. अवतरणात पूर्ण नेमस्पेससकट नाव द्यावं लागतं. दुहेरी अवतरणात तर उलट्या तिरक्या रेघेपुढे रोमन लहान 'एन' आला की नवी ओळच तयार होते. 'कपात::क्लास' लिहिलंत की पूर्ण नाव पीएचपी स्वतः भरतं. तेव्हा ॲरे वापरायचाच असेल तर क्लासचं नाव अवतरणात लिहू नका.

आता वारसा. लाल कांदा टिकत नाही, तो आला तसा विकला जातो. उन्हाळची गोष्ट वेगळी. त्यामुळे 'कपात'वरून 'उन्हाळ_कपात' असा क्लास काढला आणि त्यात हमालीचा दर वेगळा ठेवला, असं समजा. तुम्ही 'उन्हाळ_कपात::हमाली(...)' पाठवलंत, तरी आकडा जुनाच येतो. दोष कॉलबॅक पाठवण्यात नाही. कॉलबॅकने 'उन्हाळ_कपात'चं नाव बरोबर पुढे नेलं, पण मेथडच्या आत 'सेल्फ::हमाली_दर' लिहिलंय, आणि सेल्फ म्हणजे ती मेथड ज्या क्लासात लिहिली तो क्लास, कुणीही बोलावलं तरी. तिथे 'स्टॅटिक::हमाली_दर' हवं. ही सोय २००९ च्या ५.३ पासून आहे, तरी आजही अशी बिलं बघायला मिळतात ज्यांत उपक्लासाचा दर लागलेलाच नसतो. मेथडच्या आतून कॉलबॅक बनवताना तोच नियम: उपक्लासाने बदललेली मेथड चालावी असं वाटत असेल तर 'स्टॅटिक::घट(...)', नाही तर 'सेल्फ::घट(...)'. फक्त 'स्टॅटिक' लिहिताना उपक्लासाने बदलता यावी म्हणून मेथड प्रोटेक्टेड करा.

जुन्या कोडमध्ये 'सेल्फ::घट' हे अख्खं अवतरणात, किंवा ॲरेत पहिला घटक म्हणून अवतरणातला 'सेल्फ' सापडेल. पीएचपी ८.२ पासून यावर डेप्रिकेशनची, म्हणजे 'ही रीत पुढे बंद होणार' अशी, सूचना येते, आणि तीही बरोबर आहे: 'सेल्फ' ही चिठ्ठी दुसऱ्या क्लासात उघडली की सेल्फ कोण? सापडेल तिथे 'सेल्फ::क्लास' करून टाका.

मेथड स्टॅटिक नसताना ॲरेत क्लासचं नाव दिलेला कोडही जुन्या कामांत भरपूर असतो. पीएचपी ७ तो कुरकुरत चालवायचं. ८.० पासून तो सरळ बंद. सर्व्हर बदलल्यावर 'काल चालत होतं' असा फोन आला की मी आधी हेच शोधते. मेथडमध्ये डॉलर-धिस नसेल तर तिला स्टॅटिक करा. असेल तर ऑब्जेक्ट बनवून ॲरेत क्लासच्या नावाऐवजी तो ऑब्जेक्ट द्या.

कॉलबॅकला वजनाशिवाय आणखी काही द्यायचं असेल, समजा आजचा दर, तर तीन टिंबांनी काम होत नाही. अशा वेळी छोटं ॲरो फंक्शन, जे २०१९ च्या ७.४ पासून आहे:

```
पट्टी::बनव($वजनं, स्टॅटिक फन($क्विंटल) => कपात::रक्कम($क्विंटल, $दर));
```

हाच दर अनेक ठिकाणी लागत असेल तर क्लोजर परत करणारी स्टॅटिक मेथड लिहावी, 'कपात::दराने($दर)' अशी. बोलावताना वाचायलाही बरं वाटतं.

ॲरे_मॅपमध्ये कॉलबॅक आधी, ॲरे नंतर. ॲरे_फिल्टर आणि यूसॉर्टमध्ये उलट. याला काही तर्क नाही, पाठ करायचं. यूसॉर्टच्या तुलनेच्या मेथडने खरं-खोटं परत करू नये, ८.० पासून त्यावरही सूचना येते. दोन दरांमध्ये अंतराळयानाचं चिन्ह (<=>) टाका, म्हणजे लहान, बरोबर आणि मोठं या तिन्हींसाठी नीट पूर्णांक मिळतो.

आता तो अपवाद. वर्डप्रेसमध्ये हुक, म्हणजे ठरलेल्या क्षणी आपली मेथड चालावी अशी नोंद, लावताना मी अजूनही ॲरेच देते:

```
ॲड_ॲक्शन('इनिट', [बाजारभाव::क्लास, 'सुरू']);
```

कारण हुक काढायचीही वेळ येते. रिमूव्ह_ॲक्शनला तोच कॉलबॅक पुन्हा द्यावा लागतो. स्टॅटिक मेथडचा ॲरे असेल तर वर्डप्रेस क्लासचं आणि मेथडचं नाव जोडून ओळख बनवतं, त्यामुळे दुसऱ्या प्लगइनमधून तोच ॲरे लिहिला की हुक निघतो. तीन टिंबांनी मात्र दर वेळी नवा क्लोजर ऑब्जेक्ट बनतो, आणि वर्डप्रेस क्लोजर ओळखतं ते ऑब्जेक्टवरून. मग 'बाजारभाव::सुरू(...)' लावलेला हुक 'बाजारभाव::सुरू(...)' लिहून निघत नाही, आणि एररही येत नाही. हुक शांतपणे चालूच राहतो. प्रायॉरिटी वेगळी दिली असेल तर काढतानाही तीच द्यायची, आणि एकाहून जास्त आर्ग्युमेंट हवी असतील तर ॲड_ॲक्शनला चौथा आकडा द्यायचा, नाही तर मेथडला एकच मिळतं.

अपवादाचा दुसरा भाग साठवणुकीचा. क्लोजर सीरियलाइझ होत नाही, म्हणजे साठवता येईल अशा अक्षरांत बदलता येत नाही. सेशनमध्ये, कॅशमध्ये किंवा कॉन्फिग फाइलीत कॉलबॅकचं नाव ठेवायचं असेल तर ॲरे किंवा अक्षरंच लागतात. लॅरॅव्हल या पीएचपी फ्रेमवर्कच्या कॉन्फिग फाइलीत क्लोजर ठेवलात तर कॉन्फिग कॅश करायची कमांड तिथेच अडते. म्हणून कुठल्या मालाला कुठला नियम, हा तक्ता आम्ही कॉन्फिगमध्ये ॲरेच्या रूपात ठेवतो, आणि वापरायच्या क्षणी इज_कॉलेबलने तपासून क्लोजर करतो. इज_कॉलेबल क्लास लोड झालेला नसेल तर ऑटोलोडरला (लागेल तेव्हा क्लासची फाइल आपोआप आणणाऱ्या कोडला) हाक मारतं, त्यामुळे आधी वेगळं काही करावं लागत नाही. पण परवानगी तेही जिथे लिहिलंय तिथूनच बघतं, हे ध्यानात असू द्या. कॉन्फिगमधून येणाऱ्या मेथडी पब्लिकच हव्यात. आणि हा तक्ता वापरणाऱ्याच्या फॉर्ममधून कधीही भरू नका. बाहेरून आलेली अक्षरं कॉलबॅक म्हणून चालवणं म्हणजे सर्व्हरवरचं कुठलंही फंक्शन परक्याच्या हाती देणं.

कुठली मेथड स्टॅटिक करावी याबद्दल माझं मत ठाम आहे. आत आलेल्या आकड्यांतून बाहेर जाणारा आकडा निघतो आणि बाकी कशाला हात लागत नाही, अशा हमाली, तोलाई, घट, रक्कम यांसारख्या मेथडी स्टॅटिक. डेटाबेसमध्ये लिहिणारी, एसएमएस पाठवणारी मेथड स्टॅटिक केलीत तर टेस्ट लिहिताना तिच्या जागी खोटी मेथड बसवता येत नाही आणि चाचणी चालवली की खऱ्या शेतकऱ्याला खरा एसएमएस जातो. ती ऑब्जेक्टवर ठेवा आणि '$संदेश->पाठव(...)' असा कॉलबॅक द्या, तीन टिंबं तिथेही तशीच चालतात.

सर्व्हर ८.१ च्या खालचा असेल, आणि शेअर्ड होस्टिंगवर असे अजून भेटतात, तर ७.१ पासून असलेलं 'क्लोजर::फ्रॉमकॉलेबल' तेच काम करतं:

```
पट्टी::बनव($वजनं, क्लोजर::फ्रॉमकॉलेबल([सेल्फ::क्लास, 'घट']));
```

परवानगी इथेही क्लोजर बनतानाच तपासली जाते, त्यामुळे प्रायव्हेट मेथड बिनधास्त देता येते. आवृत्ती बघताना टर्मिनलवरचा आकडा धरू नका. टर्मिनलचं पीएचपी आणि वेबसाइटचं पीएचपी एकाच सर्व्हरवर वेगळं असू शकतं. साइटच्या फोल्डरमध्ये पीएचपीव्हर्जन छापणारी एका ओळीची फाइल ठेवा, ब्राउझरमध्ये उघडून आकडा बघा आणि ती फाइल लगेच काढून टाका.